गावाचा नकाशा क्यूजीआयएसमध्ये आणताना

गट क्रमांक १२/३ एक्सेलच्या रकान्यात टाइप करून एंटर दाबलं की तिथे १२ मार्च उमटतो. १४५/२ मात्र जसाच्या तसा राहतो, कारण तशी तारीख नसते. म्हणजे एकाच रकान्यात काही नोंदी मजकूर आणि काही नोंदी तारखा. हा तक्ता क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशाला जोडला की ते चूक दाखवत नाही. ज्या गटांचं नाव तारखेत बदललं ते फक्त रिकामे राहतात. म्हणून गावाचं काम सुरू करताना पहिली गोष्ट ही : टाइप करण्याआधी त्या रकान्याचं फॉरमॅट ‘टेक्स्ट’ करा. नंतर केलं तर आधीच झालेली तारीख परत गट क्रमांक होत नाही, नुसता पाच आकडी अंक दिसतो.

जीआयएसची, म्हणजे नकाशा आणि माहितीचा तक्ता एकत्र हाताळणाऱ्या संगणकीय पद्धतीची, ओळख करून देताना नकाशा, रंग, उपग्रहचित्रं इथून सुरुवात करायची पद्धत आहे. पण खरं काम तक्त्यात असतं. पडद्यावरच्या प्रत्येक आकृतीमागे तक्त्याची एक ओळ असते. विहीर म्हणजे एक बिंदू आणि त्याची ओळ, शिवरस्ता म्हणजे एक रेषा आणि तिची ओळ, गट म्हणजे एक बहुभुज आणि त्याची ओळ. आकृती आणि ओळ यांची गाठ पक्की असेल तर ‘ओढ्यापासून १०० मीटरच्या आत कोणकोणते गट येतात’ या प्रश्नाचं उत्तर अर्ध्या मिनिटात मिळतं.

सॉफ्टवेअर म्हणून क्यूजीआयएस घ्या. गॅरी शेरमन यांनी २००२ मध्ये ते सुरू केलं. मुक्त आहे, फुकट आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं. उतरवून घेताना सर्वांत नवी आवृत्ती न घेता ‘लाँग टर्म रिलीज’ घ्या.

आता निर्देशांकांकडे. नवशिक्यांचे सर्वाधिक दिवस इथे वाया जातात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मोबाइलचा जीपीएस अक्षांश-रेखांश अंशांत देतो. पुण्यासाठी साधारण १८.५२ आणि ७३.८५. क्यूजीआयएसला एक्स म्हणून रेखांश आणि वाय म्हणून अक्षांश लागतो. उलटे दिले की पुण्याचा बिंदू नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाजवळच्या समुद्रात जाऊन पडतो. बिंदू ‘दिसतच नाही’ अशी तक्रार असते तेव्हा त्या लेयरवर (नकाशाच्या थरावर) झूम करून बघा. बहुतेकदा तो तिथे सापडतो. ही अंशांची पद्धत ईपीएसजी ४३२६ या क्रमांकाने ओळखली जाते. तिच्यात साठवण करायला हरकत नाही, पण लांबी-क्षेत्रफळ मोजायला ती कामाची नाही, कारण अंश हे मीटर नव्हेत. १९ अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे १०५ किलोमीटरचा, तर अक्षांशाचा एक अंश सुमारे ११०.७ किलोमीटरचा असतो.

मोजणीसाठी मीटरमधली यूटीएम पद्धत वापरायची. महाराष्ट्र दोन पट्ट्यांत विभागलेला आहे : ७२ ते ७८ रेखांश म्हणजे पट्टा ४३ (ईपीएसजी ३२६४३) आणि ७८ ते ८४ म्हणजे पट्टा ४४ (ईपीएसजी ३२६४४). गोवा पूर्ण ४३ मध्ये येतो. ७८ ची रेषा अमरावती आणि यवतमाळ जिल्ह्यांमधून जाते. अमरावती शहर ४३ मध्ये, यवतमाळ शहर ४४ मध्ये. गाव रेषेजवळ असेल तर पूर्ण तालुक्यासाठी एकच पट्टा ठरवा आणि तो बदलू नका. पट्ट्याबाहेर थोडं गेल्याने मोजमापात पडणारा फरक अगदी किरकोळ असतो, पण निम्मी गावं एका पट्ट्यात आणि निम्मी दुसऱ्यात साठवली की घोळ होतो. पुण्याच्या फाइलवर चुकून ४४ ची चिठ्ठी लागली तर ती सुमारे ६३० किलोमीटर पूर्वेला, थेट तेलंगणात उघडते.

चिठ्ठी हा शब्द मुद्दाम वापरला. ‘सेट लेयर सीआरएस’ (सीआरएस म्हणजे निर्देशांक पद्धत) आणि ‘रीप्रोजेक्ट लेयर’ ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं फक्त चिठ्ठी बदलतं, आतले आकडे तसेच राहतात. दुसरं आकडेच नव्या पद्धतीत मोजून नवी फाइल बनवतं. ज्वारीच्या पोत्यावर गव्हाची चिठ्ठी लावली म्हणून आतली ज्वारी गहू होत नाही. फाइलला चिठ्ठीच नसेल किंवा ती चुकीची असेल, तरच ‘सेट’ वापरायचं. बाकी सगळीकडे ‘रीप्रोजेक्ट’.

चिठ्ठी हरवलेली फाइल आली तर आकडे बघून ओळखता येते. ७३ आणि १८ असे आकडे असतील तर अंश. एक्स सहा आकडी आणि वाय १७ ते २४ लाखांच्या दरम्यान असेल तर यूटीएम. एक्स ८० ते ९० लाखांच्या घरात असेल तर वेब मर्केटर, म्हणजे ऑनलाइन नकाशांची ईपीएसजी ३८५७ पद्धत. ही शेवटची पद्धत पार्श्वभूमीला चांगली, पण मोजणीला घातक : १९ अक्षांशावर ती क्षेत्र सुमारे १२ टक्क्यांनी फुगवते. एक हेक्टरचं शेत तिच्यात ११२ आर भरतं. क्यूजीआयएसमध्ये ‘डॉलर एरिया’ हे सूत्र पृथ्वीचा गोलवा धरून क्षेत्र देतं आणि नुसतं ‘एरिया’ हे फंक्शन लेयरच्या सपाट आकड्यांवर चालतं. वेब मर्केटरमधल्या लेयरवर दुसरं वापरलं की हा १२ टक्क्यांचा फुगवटा अहवालात जातो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. यूटीएममध्ये हाच फरक हेक्टरमागे उणे ८ ते अधिक १६ चौरस मीटर, इतकाच राहतो.

कागदी गावनकाशा बसवायचा तर तो सपाट स्कॅनरवर ३०० डीपीआयने टिफमध्ये स्कॅन करा. मोबाइलचा फोटो नको. भिंगामुळे कडा वाकतात. जुन्या नकाशांत १ इंचाला २० साखळ्या असं प्रमाण असेल तर हिशेब असा : साखळी ३३ फुटांची, म्हणजे १ इंच म्हणजे ६६० फूट, प्रमाण १:७९२०. त्या स्कॅनचा एक पिक्सेल जमिनीवर सुमारे ०.६७ मीटर. पण शाईची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर जवळजवळ ४ मीटर रुंद असते. हा आकडा मनात पक्का ठेवा. असा नकाशा पाणलोट, पीकपाहणी, रस्त्याचं नियोजन यांसाठी उत्तम; बांधाच्या भांडणासाठी नाही. तिथे उप अधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या कार्यालयाची मोजणीच लागते. संगणकातली रेघ बारीक आणि स्वच्छ दिसते म्हणून ती अचूक आहे, असं कुणाला वाटू देऊ नका. त्यात माणसांचं नुकसान होतं.

स्कॅन केलेला नकाशा खऱ्या निर्देशांकांवर बसवणाऱ्या जिओरेफरन्सरमध्ये खुणेचे बिंदू निवडताना वर्षानुवर्षं न हललेल्या जागा घ्या : तीन गावांच्या शिवा मिळतात तो तिवडा, जुनी बांधीव विहीर, रस्त्यांचे चौक. ओढ्याचं वळण घेऊ नका, ते सरकतं. गणिताने पहिल्या घाताच्या पॉलिनोमियलला ३ बिंदू पुरतात, पण ३ बिंदूंवर चूक नेहमी शून्यच दिसते, त्यामुळे त्या शून्याला अर्थ नाही. १० ते १२ घ्या, चारही कोपऱ्यांत आणि मध्ये पसरून. कागद उभा आणि आडवा वेगवेगळ्या प्रमाणात आकसतो. पहिला घात हे सांभाळतो; सगळीकडे एकच प्रमाण धरणारी हेल्मर्ट पद्धत सांभाळत नाही. ‘थिन प्लेट स्प्लाइन’ ही पद्धत प्रत्येक बिंदूवर नकाशा ओढून बसवते, म्हणून तिथेही चूक शून्य दिसते आणि एखादा बिंदू चुकला असेल तर ती चूक लपते. म्हणून आधी पहिल्या घाताने बसवा, ज्या बिंदूची चूक ५-६ पिक्सेलच्या वर जाते तो तपासा. दोन-तीन बिंदू मुद्दाम बाजूला ठेवा आणि शेवटी त्यांच्यावर नकाशा खरंच बसला का ते बघा.

आणखी एक खात्री आधीच करून घ्या. नकाशा गटांचा आहे की सर्व्हे नंबरांचा? १९४७ च्या कायद्याखाली जिथे एकत्रीकरण झालं तिथे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट आले. कोकणात अनेक गावांत अजून सर्व्हे नंबर आणि हिस्सेच चालतात. जुना नकाशा आणि नवा सात-बारा जोडला तर आकडे जुळल्यासारखे वाटतात, पण ३४ नंबर दोन्हीकडे वेगवेगळ्या शेतांचा असतो.

गट काढायला लागण्याआधी स्नॅपिंग (जवळच्या रेघेला आपोआप चिकटणं) सुरू करा, शिरोबिंदू आणि रेषा दोन्हींवर, १२ पिक्सेलपर्यंत. ‘टोपोलॉजिकल एडिटिंग’ चालू आणि ‘अव्हॉइड ओव्हरलॅप’ही चालू. मग शेजारचा गट काढताना सामाईक बांध पुन्हा गिरवावा लागत नाही. आधीच्या गटावरून सैल हाताने रेघ नेली तरी सॉफ्टवेअर जादा भाग कापून टाकतं. हे न करता काढलेल्या नकाशात बांधाबांधावर केसाएवढ्या फटी राहतात. पडद्यावर त्या दिसत नाहीत, पण गावाच्या एकूण क्षेत्रात भर घालतात किंवा घट आणतात. शेवटी ‘टोपोलॉजी चेकर’मध्ये फटी नकोत आणि एकमेकांवर चढणं नको, असे दोन नियम लावून तपासा.

मग क्षेत्राचा ताळा. सात-बारावर क्षेत्र हेक्टर.आर.चौरस मीटर असं असतं. १.२४.५० म्हणजे १ हेक्टर २४ आर ५० चौरस मीटर. दुसरा टिंब काढला की १.२४५० हेक्टर, हिशेब बरोबर. पण कुणी १ हेक्टर ४ आर ला १.४ लिहिलं असेल तर ते १.०४ आहे, हे तक्ता सांगणार नाही. लोक गुंठ्यांत सांगतील : ३३ गुणिले ३३ फूट, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर, एकरात ४०. गुंठा आणि आर हे जवळचे असले तरी एक नाहीत. ताळा करताना लागवडीयोग्य क्षेत्रात पोटखराबा मिळवायला विसरू नका. फरक ५ टक्क्यांच्या वर गेला की तो गट नकाशावर पुन्हा बघा.

एका गटाला बहुधा अनेक सात-बारे असतात, १२/१, १२/२, १२/३ असे, आणि हिश्श्यांच्या रेषा गावनकाशावर नसतात. क्यूजीआयएसचं साधं ‘जॉइन’ अशा वेळी पहिलीच जुळणारी ओळ उचलतं, बाकीच्या सोडून देतं. म्हणून गटांचा थर आणि सात-बाऱ्यांचा तक्ता वेगळे ठेवा, सात-बाऱ्यांच्या तक्त्यात मूळ गटाचा वेगळा रकाना करा आणि ‘रिलेशन’ने जोडा.

गावांची नावं जोडणीसाठी कधीच वापरू नका. गोऱ्हे बुद्रुक हेच नाव बघा. त्यातला ‘ऱ’ एक अक्षर म्हणूनही टाइप होतो आणि ‘र’खाली नुक्ता देऊनही, डोळ्याला सारखं, संगणकाला वेगळं. ‘बुद्रुक’, ‘बु.’ आणि ‘बु’ हे तर उघडच वेगळे. जिल्ह्यांचंही तसंच : २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचे ३५ जिल्हे आहेत, पालघर १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला, आणि त्यानंतर छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर ही नावं बदलली. जनगणनेचा सहा आकडी गाव-क्रमांक किंवा एलजीडी (केंद्र सरकारची लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी) क्रमांक, यांपैकी एक प्रत्येक थरात मजकूर म्हणून ठेवा. जुनी यादी श्री-लिपी किंवा शिवाजी अशा फॉन्टमध्ये असेल तर आधी युनिकोड करून घ्या, आणि सीएसव्ही जतन करताना ‘यूटीएफ-८’ निवडा. नाहीतर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं उरतात.

साठवण जिओपॅकेज या फाइल-प्रकारात करा. शेपफाइल हा जुना प्रकार अजून सगळीकडे मागतात, पण मराठीसाठी ती अडचणीची आहे. तिच्यात रकान्याच्या नावाला १० बाइट मिळतात आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे जेमतेम तीन चिन्हं. ‘क्षेत्र’ लिहायलाच सात चिन्हं लागतात. शिवाय एका नकाशाच्या पाच-सहा फाइली होतात आणि कुणीतरी त्यातली निर्देशांक पद्धत सांगणारी पीआरजे फाइल पाठवायला विसरतं. तीच ती चिठ्ठी. जिओपॅकेजमध्ये सगळे थर एका फाइलीत राहतात. पण क्यूजीआयएस चालू असताना तिची प्रत काढू नका : शेजारी डब्ल्यूएएल नावाची छोटी फाइल असते आणि ताज्या नोंदी कदाचित तिच्यातच असतात. आधी क्यूजीआयएस बंद करा, मग प्रत काढा. तीन-चार जणांनी एकाच वेळी भरायचं असेल तर पोस्टजीआयएस हा सर्व्हरवरचा डेटाबेस लागेल.

शेजारच्या गावाचा नकाशा आणून लावला की शीव दोन्हीकडून जुळत नाही. कुठे फट, कुठे दोन्ही गावं एकमेकांवर. दोन्ही कागद वेगळ्या वेळी, वेगळ्या प्रमाणावर काढलेले असतात, त्यामुळे हे होणारच. एका गावाची रेघ ओढून दुसऱ्यावर बसवण्याचा मोह आवरा. त्याने कडेच्या सगळ्या गटांची क्षेत्रं बदलतात. दोन्ही रेषा ठेवा, प्रत्येक गटाच्या ओळीत नकाशाचं साल, प्रमाण आणि स्कॅनची तारीख यांचे रकाने भरा, आणि शिवेवरचे दगड जीपीएसने टिपून आणल्यावर कोणती रेघ खरी धरायची ते ठरवा.