आज सोलापूरजवळच्या कुंभारीत

मालिकेतलं हातचं काम सोडून स्वतःची शॉर्टफिल्म करायला घेतली, तेव्हा आई आठवडाभर बोलली नव्हती. आज ती फिल्म गोदूताई परुळेकर वसाहतीत, विडी कामगार बायकांनाच दाखवली. १०,००० घरांच्या या वसाहतीत एका अंगणात पांढरी चादर बांधून!

एक मावशी मांडीवर सूप घेऊन विड्या वळतच बघत होत्या. पडद्यावर मी विडीला दोरा गुंडाळला आणि त्यांचा हात थांबला.

"पोरी, दोरा ढिला पडलाय तुझा. पण पाठ कशी भरून येते ते बरोबर दाखवलंस गं."

त्या पाठीसाठीच तर सहा महिने जमिनीवर बसले होते. ऐकून डोळेच भरले माझे.

फेस्टिव्हलचं उत्तर अजून यायचंय, येईल तेव्हा येईल. उद्या सकाळी मावशींकडे दोरा शिकायला जातेय. तो शॉट परत घेणार.