आमची वाटचाल : पाणी घालायच्या बॅटरीपासून उचलून नेता येणाऱ्या पॉवर स्टेशनपर्यंत

आमची फर्म सुरू झाली तेव्हा काम अगदी साधं होतं. घरांतल्या आणि छोट्या ऑफिसांतल्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या तपासायच्या, डिस्टिल्ड वॉटर भरायचं, टर्मिनलवर साचलेला पांढरा-हिरवा थर गरम पाण्याने धुवायचा आणि नट आवळून वर ग्रीस लावायचं. हिशेब आणि ग्राहक माझ्याकडे, मीटर आणि सोल्डरिंग धाकट्या बहिणीकडे. ही वाटणी आजही तशीच आहे.

त्या कामात बॅटरीचा स्वभाव कळला. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी कागदावर १२०० वॅट-अवर वीज साठवते. पण ती रोज निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य भराभर घटतं. म्हणजे हातात पडतात साधारण ६०० वॅट-अवर आणि त्यासाठी २५ ते ३० किलोचं धूड सांभाळावं लागतं. घरच्या कोपऱ्यात ते चालून जातं. मात्र कॅम्पिंगला जाणारे गट येऊन विचारायला लागले, ‘तंबूत वापरता येईल असं काही आहे का हो?’ आणि आमच्याकडे देण्यासारखं काही नव्हतं. ॲसिडची बॅटरी गाडीत आडवी झाली तर काय होतं ते आम्ही पाहिलं होतं. जनरेटर सुचवायला मन तयार होत नव्हतं. आवाज तर असतोच, पण त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि तंबूजवळ तो जीव घेऊ शकतो.

लिथियमची पॉवर स्टेशन्स, म्हणजे बॅटरी, इन्व्हर्टर आणि सॉकेट एकाच खोक्यात असलेली मशीन्स, आली आणि आम्ही विक्रीआधी भाड्याने द्यायला सुरुवात केली. वस्तू वेगवेगळ्या हातांतून फिरून परत आली की तिच्याबद्दल जे कळतं, ते माहितीपत्रकातून कळत नाही. हँडल कुठे निखळतं, पंख्याचा आवाज रात्री किती जाणवतो, उन्हात ठेवलेलं मशीन केव्हा गरम होऊन स्वतःच बंद पडतं, हे सगळं आम्हाला भाडेकरूंनी शिकवलं.

बॅटरी ज्या छोट्या घटकांची बनते, त्यांना सेल म्हणतात. आत कोणता सेल आहे, हा आमचा पहिला प्रश्न असतो. लिथियम-आयन बॅटरी सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणली. पुढे १९९७ मध्ये शास्त्रज्ञ जॉन गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच बॅटरीत वापरायच्या लिथियम आयर्न फॉस्फेटवरचं संशोधन प्रसिद्ध केलं. गुडइनफ यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. या फॉस्फेटच्या सेलचं वजन तेवढ्याच क्षमतेच्या निकेल-मँगनीज-कोबाल्ट या दुसऱ्या लिथियम प्रकारच्या सेलपेक्षा जास्त भरतं. पण तो तापला तरी सहज पेट घेत नाही आणि दोन-तीन हजार चार्जिंगनंतरही साधारण ८० टक्के क्षमता टिकवतो. दुसऱ्या प्रकारात हाच आकडा बहुधा ५०० ते १००० च्या आसपास असतो. घरात, माणसं झोपतात त्या खोलीत ठेवायची वस्तू फॉस्फेटचीच असावी, या मतावर आम्ही ठाम आहोत. दुकानात दुसरी ठेवतच नाही.

दुसरा मुद्दा वॅट आणि वॅट-अवरचा. एका वेळी किती भार ओढता येईल ते वॅट सांगतात आणि तो किती वेळ चालेल ते वॅट-अवर. खोक्यावर मोठ्या अक्षरांत यातला जो आकडा जास्त असतो तोच छापलेला दिसतो. म्हणून आमच्याकडे मशीन दाखवण्याआधी कागद पुढे येतो: काय चालवायचं, त्याच्या लेबलवर किती वॅट लिहिलेत, रोज किती तास. गुणाकार ग्राहकाने स्वतः करायचा. पंधरा मिनिटं जातात, पण मग बरेच जण ठरवून आले होते त्यापेक्षा लहान मशीन घेऊन जातात. आमची विक्री त्यामुळे कमी होते हे खरं आहे, आणि आम्हाला ते मान्य आहे.

राऊटरचं उदाहरण मी सगळ्यांना सांगतो, कारण लाईट गेली की सगळ्यांना आधी इंटरनेट हवं असतं. राऊटर घेतो साधारण १० वॅट. ५०० वॅट-अवरचं मशीन म्हणजे ५० तास, असं कुणीही म्हणेल. पण राऊटर घरच्या सॉकेटसारख्या एसी सॉकेटला लावला की बॅटरीची वीज घरच्यासारखी करून देणारा आतला इन्व्हर्टर जागा राहतो, आणि तो स्वतःच १० वॅट किंवा त्याहून जास्त खातो. ५० तासांचे २५ होतात, कधी त्याहून कमी. तोच राऊटर १२ व्होल्टचा असेल तर मशीनच्या डीसी सॉकेटमधून, म्हणजे इन्व्हर्टरशिवाय बॅटरीवरच, थेट चालतो. इन्व्हर्टर बंद ठेवला की तास दुपटीच्या जवळ जातात. बहिणीने यासाठी केबल बनवून द्यायला सुरुवात केली. ग्राहकाने ॲडॅप्टर आणायचा, ती त्यावरचा व्होल्टेज वाचते, पिनचं प्लस आत आहे की बाहेर हे मीटरने पाहते, मगच टोक जोडते. उलटं लागलं तर राऊटर जातो, म्हणून प्रत्येक केबल ती ग्राहकासमोर तपासून देते. आमच्या दुकानातली ही सगळ्यात स्वस्त वस्तू, पण मला सगळ्यात जास्त अभिमान तिचाच आहे.

फ्रिजचा प्रश्न वेगळा. चालू असताना तो शंभर-दीडशे वॅट घेतो, पण कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी याच्या कितीतरी पट ओढतो. मीटरवरचा आकडा उसळतो आणि लहान मशीन तिथेच ट्रिप होतं. त्यामुळे फ्रिज चालवायचा असेल तर सर्जचा, म्हणजे क्षणभर किती भार पेलतो त्याचा, आकडा बघा आणि घरच्या विजेसारखी सुरळीत वीज देणारं प्युअर साइन वेव्हच घ्या. किटली, इस्त्री, हीटर यांना मी सरळ नाही म्हणतो. १५०० वॅटचा हीटर अर्ध्या तासात ७५० वॅट-अवर संपवतो. तेवढ्यासाठी मोठं मशीन घेण्यात अर्थ नाही.

एक काका आले होते. झोपेत श्वास अडू नये म्हणून ते सीपॅप, म्हणजे दाबाने हवा देणारं मशीन, लावतात, आणि मुलांबरोबर कॅम्पिंगला जायची त्यांची फार इच्छा होती. त्या मशीनमध्ये हवा ओलसर करणारा ह्यूमिडिफायर असतो, म्हणून बहिणीने विचारलं, ‘काका, ह्यूमिडिफायर बंद ठेवून झोप लागते का?’

‘उन्हाळ्यात लागते गं. थंडीत घसा कोरडा पडतो.’

मग त्यांचंच मशीन आणायला सांगून दोन्ही प्रकारे मोजलं. ह्यूमिडिफायर आणि नळीचा हीटर चालू केला की भार दुपटीच्या वर गेला. कंपनीची डीसी केबल लावल्यावर आणखी बचत झाली. एका हाताने उचलता येणारं, ५०० वॅट-अवरच्या आसपासचं स्टेशन त्यांना पुरलं. कॅम्पिंग आणि घरचा बॅकअप दोन्ही हवं असेल तर बहुतेकांना मी याच मापाचं सांगतो. वजन सहा ते आठ किलो. हजार वॅट-अवरच्या पुढे गेलात की वजन बारा-तेरा किलोच्या घरात जातं आणि ते मशीन घराबाहेर पडेनासं होतं. ज्या उपकरणावर माणसाचा जीवच अवलंबून आहे, त्यासाठी मात्र आम्ही हे देत नाही. तिथे डॉक्टरांच्या आणि उपकरण बनवणाऱ्यांच्या सल्ल्याने केलेली व्यवस्थाच हवी.

सोलर पॅनेल घेणाऱ्यांना दोन गोष्टी सांगतो. १०० वॅटचं पॅनेल चांगल्या उन्हातही ६० ते ७५ वॅटच देतं असं धरून चाला. दुसरं म्हणजे व्होल्टेज. मशीनची मर्यादा २८ व्होल्ट असेल आणि साधारण २२ व्होल्टची दोन पॅनेलं सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक, जोडलीत तर ४४ व्होल्ट आत जातात आणि मशीन कायमचं जाऊ शकतं. थंडीत पॅनेलचा व्होल्टेज आणखी चढतो.

दोन्ही टोकांना पिना असलेली वायर बनवून स्टेशन घराच्या सॉकेटला जोडायचं काम आमच्याकडे मिळणार नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. उघड्या पिनेत वीज असते, आणि ती वीज लाईनवर गेली तर खांबावर काम करणाऱ्याला धक्का बसतो. विमानाने जाणाऱ्यांनाही आधीच सांगतो. १०० वॅट-अवरपर्यंतची बॅटरी हँडबॅगेत चालते, १०० ते १६० साठी विमान कंपनीची परवानगी लागते. त्याच्या वरची प्रवासी विमानात नेता येत नाही, म्हणजे आमच्याकडचं जवळपास एकही मशीन नाही.

सध्या आम्ही ‘आधी वापरा, मग घ्या’ असं सुरू केलं आहे. आठवडाभर भाड्याने न्या. एक रात्र घरचा मेन स्विच बंद करून काय चालतं, काय नाही ते लिहून आणा. घ्यायचं ठरलं तर भाडं किमतीतून वजा होतं. विकलेलं मशीन दर तीन महिन्यांनी तपासायची आठवण आमच्याकडून फोनवर येते. पडून असेल तर अर्ध्या चार्जवर ठेवा, शून्यावर नको, आणि शून्य अंशाखालच्या थंडीत चार्जिंगला लावू नका. बहिणीच्या टेबलावर या आठवड्यात भाड्यावरून परतलेली मशीन्स ओळीने उभी आहेत, आणि ती एकेक पूर्ण उतरवून उरलेली क्षमता वहीत मांडते आहे.