पझल बॉबल: दोनचा नकाशा झाला, आता चारची कप्पी

पझल बॉबल या व्हिडिओ गेममध्ये खालून नेम धरून रंगीत बबल वर मारायचे आणि छताला लटकलेले घोस साफ करायचे; घोस खालच्या रेषेला पोचला की खेळ संपला. त्याच्या दुसऱ्या भागातल्या नकाशाचे दोन्ही काठ झाले. पझल बॉबल २ मध्ये 'ए' अक्षरापासून सुरुवात होते, टप्पा संपला की पुढे वाट फुटते आणि कुठल्या अक्षराकडे जायचं ते आपणच ठरवायचं. मागच्या नोंदीपर्यंत मी डाव्या काठानेच गेले होते. आता उजव्या काठानेही शेवटाला पोचले. मधल्या वाटा शिल्लक आहेत, पण पहिल्या भागाशी तुलना करण्याइतका खेळ हाताखालून गेलाय, म्हणून लिहायला बसले.

पहिला भाग टायटो या जपानी कंपनीने १९९४ साली आणला आणि त्याच वर्षी तो निओ जिओ या दुसऱ्या खेळयंत्रावरही आला. आमच्याकडे बेळगावात, शहापूर आणि खडेबाजार भागातल्या पार्लरमध्ये, मी तो या निओ जिओच्या बोर्डावरच पाहिला. लाकडी खोका, टोकन टाकायची फट, आणि मागे उभी पोरं. कुणी मराठी बोलायचं, कुणी कन्नड, कुणी उर्दू, पण 'वरचा सोड, कडेचा मार' हे सगळ्यांना कळायचं. पडद्यावरची जपानी अक्षरं कुणालाच वाचता येत नव्हती आणि त्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं.

मला पहिला भाग आजही मोठा वाटतो तो त्याच्या हिशोबामुळे. एकाच रंगाचे तीन किंवा जास्त बबल जुळले की फुटतात, आणि फुटलेल्या प्रत्येकाचे १० गुण. पण त्यांच्या आधाराने जे लोंबत होते ते खाली पडतात, आणि पडणाऱ्यांचा हिशोब वेगळा: एक पडला तर २०, दोन पडले तर ४०, तीन पडले तर ८०. असं दुप्पट दुप्पट होत सतराव्याला १३,१०,७२० गुण. तिथे मर्यादा आहे, त्यापुढे वाढत नाही. म्हणजे दहा बबल फोडले तर १०० गुण आणि तेच दहा पाडले तर १०,२४०. एवढ्या एका नियमाने खेळाडूची नजर बदलते. समोर दिसेल तो रंग जुळवायचा सोडून अख्खा घोस कुठल्या दोन बबलांवर तोललाय ते आपण शोधायला लागतो. आणि तेवढ्यात छत खाली येत असतं. ठरावीक नेम मारून झाले की बबल थरथरायला लागतात, ती थरथर म्हणजे इशारा. थांबावं म्हटलं तर थांबताही येत नाही, वेळ संपला की बबल आपोआप सुटतो. घोस मोठा होऊ द्यायचा की आत्ताच कापायचा, हा ताण या तीन गोष्टींतून उभा राहतो. पुढचा कुठलाही भाग मी याच कसोटीवर लावते: हा ताण वाढला की सैल झाला?

दुसऱ्या भागात (१९९५) तो वाढला, असं माझं ठाम मत आहे. पहिल्यात ३० फेऱ्या एका सरळ रांगेत येतात, एखादी अडली की तिथेच डोकं आपटायचं. दुसऱ्यात वाट निवडता येते, त्यामुळे आपल्या हाताला कुठली मांडणी जमते आणि कुठली नाही ते लगेच उघडं पडतं. डावा काठ मला सोपा गेला, उजवीकडे अरुंद बोळ असलेल्या मांडण्या आल्या की हात आखडायचा. शिवाय यात संगणकाविरुद्ध लढत आली. आपण पाडलेले बबल समोरच्याच्या मैदानात जाऊन बसतात, म्हणजे पाडण्याची किंमत इथे नुसत्या गुणांत राहत नाही.

अरुंद बोळांसाठी मी भिंतीवरून मारायचा सराव नव्याने केला, तो थोडा सविस्तर सांगते, कारण नेमाच्या बाबतीत आपल्यातले बरेच जण नुसत्या अंदाजावर चालतात. कॅरममध्ये रिबाउंड मारताना स्ट्रायकरची कड फळीला लागते, पण त्याचा मध्य अर्ध्या रुंदीवरूनच वळतो. इथेही तसंच. मैदानाची रुंद ओळ आठ बबलांची, पण बबलाचा मध्य डावीकडे अर्धा आणि उजवीकडे अर्धा बबल सोडूनच फिरतो, म्हणजे त्याला मिळतात सातच रुंद्या. नेमाची काठी बरोबर मध्यावर, म्हणजे दोन्ही बाजूंच्या वळणाच्या रेषा साडेतीन साडेतीन रुंदीवर. भिंत आरसा धरून नेम लावला तर प्रत्येक वेळी एक अख्खा बबल चुकतो. आरसा भिंतीच्या अर्धा बबल आत आहे असं धरायचं, लक्ष्याची प्रतिमा त्या रेषेपलीकडे मोजायची आणि काठी त्या प्रतिमेकडे वळवायची. मी जुन्या टीव्हीच्या काचेला दोन्ही बाजूंनी या रेषेवर पातळ चिकटपट्टी लावून सराव केला. आता पट्टी काढली तरी रेषा दिसते.

दुसरा फरक रंगांच्या हिशोबाचा. फेरीतून एखादा रंग पूर्ण साफ झाला की तो पुन्हा हातात येत नाही. पूर्वीपासूनच हे असं आहे, पण उजव्या काठाच्या मांडण्यांत त्याचा उपयोग जास्त होतो. आधी दोन रंग संपवायचे, मग उरलेल्यांत नेम निवडायला मोकळीक मिळते.

तिसऱ्या भागाबद्दल (१९९६) फार लिहीत नाही. इंद्रधनुषी बबल आले, शेजारी जो रंग फुटेल तो रंग ते घेतात. कल्पना छान आहे आणि मांडण्या देखण्या आहेत, पण पात्रांची गर्दी झाली आणि मूळ दोघं त्यात हरवल्यासारखे वाटतात. पहिल्या भागात हिरवा बब आणि निळा बॉब खाली उभे असतात, एक चरक फिरवतो आणि एक बबल पुरवतो. तेवढी दोघांची जोडी मला पुरेशी आहे. दुसरा आणि तिसरा भाग सॅटर्न या सेगाच्या जुन्या यंत्रावरच्या रूपात २०२३ साली आजच्या यंत्रांसाठी पुन्हा आलेत. त्यात खेळ मागे नेण्याची सोय आहे. ती वापरून संपवलेली फेरी मी या वहीत धरत नाही, तुम्हीही धरू नका.

आता चौथा. तो माझ्याकडे प्लेस्टेशनवर आहे आणि या महिन्यात त्याची सुरुवात केली. यात कप्पी आहे. दोरीच्या दोन टोकांना दोन घोस लटकतात, एका बाजूचं वजन कमी झालं की ती वर जाते आणि दुसरी खाली येते. पहिल्या फेऱ्यांत मला तो सजावटीचा खेळ वाटला होता. पुढे गेल्यावर कळलं की छताची भीती इथे दोन तुकड्यांत वाटून दिलीय. डावा घोस कापला तर आनंद व्हायच्या आधी उजवा किती खाली आला ते बघावं लागतं. हे खरोखर नवीन आहे आणि मूळ ताणाला धरून आहे.

लढतीतल्या साखळीबद्दल मात्र माझं मन अजून बसत नाही. पडणारा बबल वाया जात नाही, मैदानात त्याच्या रंगाची जुळणी असली तर उलटा वर जाऊन तिथे चिकटतो, ती फुटते, तिच्यामुळे आणखी काही सुटतं. बघायला जबरदस्त. पण पहिल्या भागात पाडलं की काम संपत होतं, इथे पाडणं ही सुरुवात आहे. नेमाइतकाच रचनेचा खेळ होतो. आमच्या शेजारच्या गोकाकच्या काकू माझ्याशी लढतीला बसतात, त्यांना साखळी फार आवडते. "नेम कशाला गं एवढा लावतीस, आधी मांडून ठेव की," असं म्हणतात आणि जिंकतात. मी "हौद्री काकू" (कन्नडमध्ये 'हो काकू') म्हणते आणि पुढच्या डावाला परत नेमच लावत बसते.

२०२३ च्या एव्हरीबबल या भागात चौघांना एकत्र खेळता येतं. सुट्टीला निपाणीहून भाची आली की आम्ही तिघी तोच लावतो. घरच्यांबरोबर खेळायला याहून चांगला भाग नाही. नोंदीसाठी मात्र तो मी धरत नाही, कारण एकीचा घोस दुसरी कापते आणि कुणाचा हात किती सुधारला ते कळत नाही. भाचीच्या फोनवर बबल विचच्या जातीचे खेळ आहेत, तिथे नेम मोजून मिळतात. बबल संपतील ही काळजी आणि छत अंगावर येईल ही काळजी, दोन्हींत मला फार अंतर वाटतं. पहिलीत माणूस विचार करत कितीही वेळ बसू शकतो.

पुढच्या नोंदीत चौथ्यातल्या कप्पीच्या फेऱ्या, आणि दुसऱ्यातल्या मधल्या वाटा. ज्यांनी चौथा खूप खेळलाय त्यांना एक विचारायचं आहे: दोन्ही घोस समान वजनाचे असताना तुम्ही आधी रंग कमी करता की एका बाजूचा आधार कापता? मी सध्या रंग कमी करतेय. उजवा घोस रेषेजवळ आला की मात्र हे गणित कोलमडतं, आणि तिथे काय करावं ते अजून सापडलेलं नाही.