सेपूरकी

पुण्यात प्रौढांसाठी चालणाऱ्या फ्रेंचच्या वर्गात मी चौदा वर्षे शिकवते आहे, आणि इतक्या काळात माझा एक नियम मी कधी मोडू दिला नव्हता: फ्रेंच उच्चार देवनागरीत लिहून घ्यायचे नाहीत. त्याला कारण आहे. 'वर' आणि 'खाली' हे अर्थ सांगणारे दोन फ्रेंच शब्द केवळ शेवटच्या स्वराने वेगळे होतात. एकात आपला 'ऊ' असतो, तर दुसऱ्यात ओठ 'ऊ'सारखे गोल ठेवून 'ई' म्हणायचे असते. वहीत दोन्ही शब्द 'दसू' असेच उतरतात आणि पुढे तोंडातूनही तसेच बाहेर पडतात.

डिसेंबरातल्या तिसऱ्या शनिवारी मी सणासुदीची भाषा शिकवते. पाठ्यपुस्तकातल्या या धड्याने मला कधीच समाधान दिलेले नाही. त्यात सजवलेले झाड, बर्फ आणि भेटवस्तू यांची चित्रे असतात. त्या दिवसांत माणसे एकमेकांशी काय बोलतात, ते मात्र नसते. परीक्षेत काही विचारत नाहीत, म्हणून आमच्याकडचे बहुतेक शिक्षक तो वीस मिनिटांत उरकतात, आणि हे मला अक्षम्य वाटते. 'रेव्हेयाँ' हा शब्द जागण्याच्या क्रियापदावरून आलेला आहे आणि 24 व 31 डिसेंबरच्या रात्री उशिरापर्यंत रंगणाऱ्या भोजनाला तो लावतात, हे सांगितले की कोजागरी जागवणाऱ्या माणसाला तो वेगळा पाठ करावा लागत नाही. 'बॉन आने' हे नववर्षाचे अभीष्टचिंतन 31 तारखेची मध्यरात्र उलटल्यावर करायचे असते. तोपर्यंत 'बॉन फँ दाने', म्हणजे सरत्या वर्षाचा शेवट चांगला होवो, असे म्हणतात. पुढे मात्र शुभेच्छा देण्यासाठी अख्खा जानेवारी मोकळा असतो.

त्या दिवशी शेवटी मी 'गालेत दे रुआ'कडे वळले. हा बहुधा बदामाचे सारण भरलेला, पापुद्र्यांचा गोल पदार्थ एपिफनीच्या, म्हणजे 6 जानेवारीच्या सणासाठी करतात. त्यात 'फेव्ह' लपवलेली असते. पूर्वी ती खरोखरच शेंगेतला दाणा असे, आता चिनी मातीची इवलीशी मूर्ती असते, आणि ती ज्याच्या वाट्याला येईल तो त्या दिवसाचा राजा. वाटणीत पक्षपात होऊ नये म्हणून घरातले सर्वांत लहान मूल टेबलाखाली जाऊन बसते. वर एक जण प्रत्येक तुकड्यावर बोट ठेवून विचारतो, "से पूर की?", म्हणजे 'हा कुणासाठी?', आणि मूल खालून एकेकाचे नाव पुकारते.

सात महिन्यांत विचारल्याशिवाय एक शब्दही न बोललेले सत्तरीचे काका तेव्हा उठून उभे राहिले. "मॅडम, पुन्हा एकदा म्हणता का?" मी म्हटले. त्यांनी खिशातून छोटी डायरी काढली आणि एक पान माझ्यापुढे धरले. गेल्या जानेवारीतल्या एका रविवारची तारीख आणि तिच्याखाली देवनागरीत एकच शब्द: 'सेपूरकी'.

त्यांचा मुलगा फ्रान्समधल्या नाँत शहरात असतो, सून फ्रेंच आहे आणि नात सहा वर्षांची. त्या रविवारी व्हिडिओ कॉल लागला, आणि नात पडद्यावर दिसते न दिसते तोच टेबलाखाली शिरली. वरून सून काहीतरी पुन्हा पुन्हा विचारत होती, आवाज तुटत होता, मधेच "आजोबा" एवढे ऐकू आले, सगळे हसले आणि कॉल बंद पडला. पोरगी आपल्याशी बोलायचे टाळून लपली आणि आई तिला बाहेर ये म्हणून समजावत होती, असा अर्थ काकांनी लावला. मुलाला विचारण्याचे धैर्य त्यांना झाले नाही. शब्दकोशात 'सेपूरकी' सापडेना, म्हणून ते वर्गात आले. इथे देवनागरी चालत नाही हे कळल्यावर त्यांनी डायरी खिशातच ठेवली.

"म्हणजे तिने माझं नाव घेतलं होतं?"

"हो काका. एक तुकडा तुमच्यासाठी ठेवला होता."

ते खाली बसले, आणि बराच वेळ वर्गात कुणी बोलले नाही. मग मी फळ्यावर प्रथमच देवनागरीत 'से पूर की' लिहिले. येत्या जानेवारीत हा प्रश्न फोनवरून आपणच विचारायचा, असे काकांनी ठरवले होते, म्हणून उरलेला वेळ त्यांच्याकडून तेवढेच म्हणून घेतले.

जानेवारीच्या नव्या तुकडीला तो नियम सांगावा की नाही, याचा निर्णय मी अजून घेतलेला नाही. 'दसू'चा घोटाळा खरा आहे, आणि सात महिने माझ्या धाकाने खिशात राहिलेली ती डायरीही खरी आहे. वर्ग सुटल्यावर त्यांनी तिची आणखी पाने उलटून दाखवली. काही नोंदी मला ओळखता आल्या नाहीत, त्यासाठी पुढच्या शनिवारी अर्धा तास आधी भेटायचे ठरले आहे. एक मात्र तिथेच उलगडली. वर्षअखेरच्या कॉलच्या शेवटी नात हात हलवत जे म्हणाली होती, ते त्यांनी 'आलानेप्रोशेन' असे टिपून ठेवले होते. 'पुढच्या वर्षी भेटू', असे मी सांगितले, आणि त्यांनी शेजारी पेन्सिलीने ते लिहून घेतले.