शिखर अचूक, खोरे अंदाजाने

जुन्या नकाशांवर कितपत विसंबावे, असे तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो. काराकोरम आणि पश्चिम तिबेट यांचे जुने स्थलदर्शक नकाशे (डोंगर, दऱ्या, नद्या आणि उंची दाखवणारे) टेबलावर पसरले, की पाहणारा हमखास विचारतो: दीडशे वर्षांपूर्वीच्या मोजणीवर विश्वास तरी कितपत ठेवायचा? जिथे मोजणारा कधी पोहोचलाच नाही त्या शिखरांवर डोळे मिटून, आणि जिथून तो स्वतः चालत गेला त्या खोऱ्यांवर जरा जपून, हे माझे उत्तर बहुतेकांना उलटे वाटते.

१८५६ मध्ये ब्रिटिश सर्वेक्षक टी. जी. माँटगोमरी यांनी काश्मीरमधील हरमुख या डोंगरावरून सुमारे २०० किलोमीटरवरची दोन शिखरे हेरली आणि काराकोरमचे आद्याक्षर लावून त्यांची के-१, के-२ अशी नोंद केली. पुढे के-१ला माशेरब्रुम हे स्थानिक नाव मिळाले. के-२ मात्र वहीतल्या क्रमांकावरच राहिले. निरनिराळ्या ठाण्यांवरून थिओडोलाइटने (कोन मोजायच्या दुर्बिणीच्या यंत्राने) शिखराचे कोन घेतले, की बाकीचे काम कचेरीत बसून करायच्या गणिताचे असते, आणि जुन्या नकाशांवर छापलेले २८,२५० फूट व आजचे ८,६११ मीटर यांत जेमतेम फुटाचा फरक निघतो. (ही मोजणी अखेर भारतभर एकाला एक जोडून मोजलेल्या त्रिकोणांच्या ज्या साखळीला जोडलेली आहे, ती उत्तरेकडे नेता नेता सर्वेक्षक विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये हिंगणघाटला वारले, त्यामुळे या आकड्यात मला उगीचच थोडा विदर्भ दिसतो.)

खोऱ्याचे तसे नाही, कारण ते डोंगराआड दडलेले असते आणि तिथे पायीच जावे लागते. तिबेटच्या हद्दीत युरोपीय अधिकाऱ्यांना मज्जाव असल्यामुळे हे काम कुमाऊंमधल्या मिलमच्या नैनसिंग रावत यांच्यासारख्यांवर आले. त्यांच्या जपमाळेत १०८ऐवजी १०० मणी असत. दर १०० पावलांना एक मणी सरकवायचा, २,००० पावलांचा मैल धरायचा, म्हणजे माळ पुरी झाली की पाच मैल. १८७४ मध्ये लेहहून ल्हासाकडे ते असेच मोजत गेले. अधूनमधून सेक्स्टंटने (सूर्य-ताऱ्यांची उंची मोजायच्या यंत्राने) अक्षांश पडताळता येई, पण मधली वळणे आणि चढ यांचा भरवसा एका माणसाच्या पावलावर होता.

म्हणून नकाशा वाचताना मी आधी रेषा पाहतो. माझ्याकडच्या एका जुन्या प्रतीत के-२च्या दक्षिणेला, बाल्टोरो हिमनदीच्या बाजूला, समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) सलग आहेत. उत्तरेला शक्सगम खोऱ्याकडे त्या तुटक होत जातात आणि मग नुसता कागद उरतो. तिथली मोजणी १९२६ मध्ये केनेथ मेसन आणि १९३७ मध्ये मायकेल स्पेंडर यांनी पुढे नेली. त्या कोऱ्या जागेवर कोणीतरी, बहुधा नकाशाच्या आधीच्या मालकाने, पेन्सिलीने एक नदी काढून पुन्हा खोडलेली आहे.