मायसीनीला जायचं तर सकाळी आठला

मायसीनी म्हणजे ग्रीसमधल्या एका प्राचीन तटबंदीच्या नगराचे अवशेष. तिथे आम्ही दोनदा गेलो, लागोपाठच्या दोन दिवशी. पहिला दिवस चुकीच्या वेळेचा होता आणि त्यात जवळजवळ काहीच पाहता आलं नाही. दुसऱ्या दिवशी जे पाहिलं त्यासाठी पुन्हा तिकीट काढून, पुन्हा व्हिसाच्या रांगेत उभं राहून जायची माझी तयारी आहे. ग्रीसला जाणारे आपले बहुतेक लोक अथेन्सचं अॅक्रोपोलिस आणि एखादं बेट करून परततात. कुणाला मायसीनीचा बेत करायचा असेल तर आमची पहिल्या दिवसाची चूक टाळता यावी म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

बरोबर बाबा होते. सिन्नरचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. कुठलाही किल्ला किंवा देऊळ पाहायला गेलो की ते आधी दगडाला हात लावतात, मग पाटी वाचतात. मायसीनी निवडण्याचं कारणही तेच. ३,२०० वर्षांपूर्वीच्या तटातले दगड इतके मोठे आहेत की नंतरच्या ग्रीकांना ते माणसांचं काम वाटेना. एकडोळ्या राक्षसांनी, म्हणजे सायक्लॉप्सनी हे बांधलं, असं ते म्हणत. बाबांना ते दगड पाहायचे होते.

अथेन्सहून आम्ही सकाळच्या बसने निघालो. पेलोपोनीज या ग्रीसच्या दक्षिणेकडच्या द्वीपकल्पाकडे (मायसीनी तिथेच आहे) जाणाऱ्या बस किफिसोस नावाच्या स्थानकावरून सुटतात. ते शहराच्या मध्यात नाही. ओमोनिया चौकाजवळून ०५१ नंबरची सिटी बस तिथे जाते आणि विमानतळावरून थेट यायचं असेल तर एक्स ९३ येते. तिथून नाफ्प्लिओची गाडी पकडायची. वाटेत कॉरिंथचा कालवा लागतो. १८९३ साली खुला झालेला, सहा किलोमीटरहून थोडा लांब, खडकात सुरीने कापल्यासारखा सरळ. ही गाडी फिख्ती नावाच्या फाट्यावर थांबते आणि तिथून अवशेष सुमारे चार किलोमीटर आहेत. ड्रायव्हरला चढतानाच "मिकिनेस" असं सांगून ठेवा. तिथे मायसीनीला मिकिनेस म्हणतात, आणि नुसतं मायसीनी म्हटलं तर समोरचा गोंधळतो.

फाट्यावर टॅक्सी उभ्याच असतात असं आम्हाला मुक्कामाच्या ठिकाणी सांगितलं होतं. एकही नव्हती. जूनचा पहिला आठवडा, दुपारचा एक वाजत आलेला, रस्ता चढाचा. आम्ही चालत निघालो, आणि हा निर्णय माझा होता. बाबा अडुसष्ट वर्षांचे आहेत. तिकीट काढून सिंहद्वारातून आत शिरलो तोवर त्यांचा चेहरा उतरला होता आणि आतल्या थडग्यांच्या कठड्यापाशी त्यांना घेरी आली. पहाऱ्यावरच्या बाईंनी धावत येऊन स्वतःची खुर्ची दिली, पाणी दिलं. माझ्या पिशवीत इलेक्ट्रालचं पाकीट होतं म्हणून निभावलं. सगळ्या टेकडीवर बसायला म्हणावी अशी सावली नाही, हे लक्षात ठेवा. तिकीट खिडकीवरच्यांनी फोन करून टॅक्सी बोलावली. अथेन्सचं परतीचं तिकीट सोडून आम्ही नाफ्प्लिओला गेलो, पहिल्या दिसलेल्या लॉजमध्ये खोली घेतली आणि संध्याकाळपर्यंत झोपलो.

तेच आधी करायला हवं होतं. मायसीनी अथेन्सहून एका दिवसात उरकायची जागा नाही. नाफ्प्लिओला दोन रात्री राहा. बंदराचं छान गाव आहे, स्वतंत्र ग्रीसची राजधानी १८३४ पर्यंत तिथे होती. तिथून मायसीनी पंचवीस किलोमीटरच्या आत आहे. बस आहेत, पण मोजक्या. परतीची वेळ आधी लिहून घ्या. आम्ही टॅक्सी ठरवली, जायचं-यायचं भाडं आधी बोलून घेतलं आणि साडेबाराला परत न्यायला या असं सांगितलं. गाडी भाड्याने घेणार असाल तर निघण्यापूर्वी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवा, आणि तिथे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात याची सवय व्हायला पहिला तास जड जातो.

दुसऱ्या दिवशी आठला दार उघडलं तेव्हा आत जाणारे आम्ही सहा जण होतो. टूरच्या बस दहाच्या सुमारास यायला लागतात. ते दोन तास सोन्याचे आहेत.

सिंहद्वाराकडे जाणारी वाट हळूहळू चिंचोळी होत जाते. डाव्या हाताला तट, उजव्या हाताला बुरूज पुढे आलेला. बाबा तिथे थांबले आणि उजवा हात बुरुजाकडे करून म्हणाले, "ढाल कुठल्या हातात? डाव्या. म्हणजे वरून मारा होणार तो उघड्या अंगावर." रायगडाच्या महादरवाज्यापाशी शत्रूला दोन बुरुजांच्या बगलेत घ्यायची जी युक्ती आहे, तिच्या जातकुळीतलीच ही. माझ्या हातातल्या माहितीपुस्तकातही हेच लिहिलं होतं, पण बाबांनी ते वाचलेलं नव्हतं.

दाराचा वरचा आडवा दगड सुमारे वीस टनांचा आहे. त्याच्यावर भिंतीचं ओझं पडू नये म्हणून वर त्रिकोणी पोकळी सोडली आहे आणि ती पोकळी झाकायला जी पातळ शिळा बसवली, तिच्यावर ते दोन सिंह कोरले आहेत. मधला खांब, त्याच्या दोन बाजूंना पुढचे पाय उंचावून उभे. डोकी वेगळ्या दगडाची होती, ती कधीच गेली. हे सगळं इ. स. पूर्व १२५० च्या आसपासचं. हे दार कधी पूर्ण विसरलं गेलं नव्हतं. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसेनियस नावाच्या ग्रीक प्रवाशाने ते पाहून लिहून ठेवलं आहे. उंबऱ्याजवळ खाली बघा, पाऊल मात्र जपून टाका. दगड पायांनी झिजून गुळगुळीत झाला आहे. रबरी तळाचे, पकड असलेले बूटच घाला.

आत उजवीकडे ते थडग्यांचं वर्तुळ. १८७६ साली हाइनरिश श्लीमान या जर्मन संशोधकाने इथे खणलं आणि सोन्याचे मुखवटे निघाले. त्यातल्या एकाला अॅगमेम्नॉनचा, म्हणजे ट्रॉयच्या युद्धाच्या कथेतल्या ग्रीकांच्या सेनापतीचा, मुखवटा म्हणतात, पण तो ट्रॉयच्या युद्धाचा जो काळ मानतात त्याच्या सुमारे तीनशे वर्षं आधीचा आहे. सहा खोल थडग्यांत एकोणीस माणसं पुरलेली होती, त्यांत दोन तान्ही मुलं, सोन्याच्या पत्र्यात गुंडाळलेली. मुळात ही दफनभूमी तटाबाहेर होती. पुढे तट वाढवताना तिला वळसा घालून आत घेतलं. एवढ्या जुन्या पूर्वजांना आत घेण्यासाठी तटाची रेघ बदलणारे लोक होते ते. मला हे सोन्यापेक्षा जास्त आवडलं.

वर राजवाड्याचा चौथरा आहे. भिंती गुडघ्याएवढ्याही उरल्या नाहीत. मधल्या दालनाच्या चुलाण्याची जागा ओळखू येते. तिथून अर्गोसचं सपाट रान दिसतं, संत्र्यांच्या बागा, लांब समुद्राची रेघ. इथल्या घरांतून मातीच्या पाट्या मिळाल्या आहेत, तेल आणि लोकर यांच्या हिशोबाच्या. त्या कच्च्याच होत्या. घरं जळाली तेव्हा त्या भाजून निघाल्या, म्हणून टिकल्या. मायकेल व्हेंट्रिस या इंग्रजाने १९५२ मध्ये त्यांच्यावरची लिपी उलगडली आणि भाषा ग्रीकच निघाली.

बहुतेक लोक इथूनच खाली उतरतात. तुम्ही उतरू नका. टेकडीच्या मागच्या, पूर्वेकडच्या टोकाला तटातून जमिनीत उतरणारा जिना आहे. सुमारे शंभर पायऱ्या, मधे वळणं, आणि जवळजवळ अठरा मीटर खाली पाण्याचं टाकं. झरा तटाबाहेर होता. त्याचं पाणी भाजलेल्या मातीच्या नळांतून जमिनीखालून आत आणलं होतं, म्हणजे वेढा पडला तरी शत्रूला ते सापडू नये. गडावर आधी पाणी बघायचं, मग बांधकाम, हे आपल्याकडे पोराटोरांनाही माहीत असतं. बाबांनी त्या तोंडाशी बराच वेळ काढला. वरचे दगड दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे झुकत जाऊन माथ्यावर टेकलेले आहेत. आम्ही गेलो त्या दिवशी काही पायऱ्यांनंतर दोर लावला होता. मोबाइलचा टॉर्च खाली मारला तर ओलसर, गार हवा तोंडावर आली. टॉर्च लागेलच, मोबाइल पूर्ण चार्ज करून न्या.

खालचं संग्रहालय पाऊण तासात होतं. तिथला सोनेरी मुखवटा प्रतिकृती आहे. देवघरात सापडलेले मातीचे नाग मात्र बघाच. वेटोळं घालून फणा वर काढलेले, नागपंचमीला कुंभाराकडून आणावेत तसे.

आता महत्त्वाचं. तिकीट फेकू नका. बालेकिल्ला, संग्रहालय आणि खालच्या रस्त्यावरची अत्रियसची (कथेतल्या अॅगमेम्नॉनच्या वडिलांची) म्हणून ओळखली जाणारी कबर, सगळ्याला मिळून एकच तिकीट आहे. ही कबर टेकडीपासून काहीशे मीटर अलीकडे, गावाच्या दिशेला आहे. अनेक जण तिच्या समोरून गाडीने निघून जातात. आम्हीही पहिल्या दिवशी टॅक्सीतून तसेच गेलो होतो.

तिला अत्रियसचा खजिना म्हणतात, पण खजिना वगैरे काही नाही, ही कुणा राजाची कबर आहे. दोन्ही बाजूंना दगडी भिंती असलेली, छत्तीस मीटर लांबीची उघडी वाट डोंगरात शिरते. समोर पाच मीटरहून उंच दार. त्यावरच्या दोन शिळांपैकी आतली शिळा सुमारे १२० टनांची आहे, असं मी बाबांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. दाराच्या जाडीतून आत जाताना त्यांनी मान वर केली ती तशीच राहिली.

आत गोल दालन आहे. व्यास साडेचौदा मीटर, उंची तेरा मीटरच्या वर. दगडांचे तेहतीस थर, प्रत्येक थर खालच्यापेक्षा किंचित आत सरकलेला, आणि शेवटी आतली बाजू तासून अशी गुळगुळीत केली आहे की मधमाश्यांच्या पोळ्यात उभं राहिल्यासारखं वाटतं. डोळे अंधाराला सरावायला दोन मिनिटं द्या. मग वरच्या थरांत ओळीने भोकं दिसतात. ब्राँझची फुलं ठोकल्याच्या त्या खुणा. बाबा म्हणाले, "कमान नाही ही. कमानीला चावीचा दगड लागतो. हा वरचा काढला तरी बाकीचं पडणार नाही." मग जरा थांबून, "आपल्या गोंदेश्वराच्या सभामंडपाचं छत आठव." खरंच तीच रीत. सिन्नरचं गोंदेश्वर यादवकाळातलं, म्हणजे याच्यानंतर दोन हजारांहून जास्त वर्षांनी बांधलेलं, आणि दोन्ही ठिकाणी कारागिरांनी दगड पुढे सरकवत सरकवत आकाश झाकलं. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. दगड समोर असला आणि कमान माहीत नसली किंवा नको असली, की हात बहुधा याच वाटेने जात असावा.

बाबांनी दालनाच्या बरोबर मध्ये उभं राहून एक टाळी वाजवली. आवाज वरून परत आला, एकदा नाही, थरथरत. मग त्यांनी भिंतीला तळहात लावला आणि दगडांच्या सांध्यावरून नख फिरवलं. नख कुठे अडकलं नाही. बाहेर साडेअकराचं ऊन होतं आणि आत अंगाला गारवा लागत होता, म्हणून ही जागा शेवटी ठेवा.

राहिलेल्या गोष्टी थोडक्यात. व्हिसा शेंगेनचा लागतो. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. मे किंवा ऑक्टोबर हे चांगले महिने. हिवाळ्यात अवशेष दुपारीच बंद होतात, पण नोव्हेंबर ते मार्च महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश मोफत असतो. शाकाहारी लोकांची उपासमार होत नाही. फावा मागवा, म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर कांदा आणि ऑलिव्हचं तेल. पालकाचं सारण भरलेली भाजलेली पेस्ट्री, टोमॅटोतले मोठे पांढरे पावटे सगळीकडे मिळतात. उपवासाच्या पदार्थांना तिथे "निस्तीसिमो" म्हणतात. त्यात मांस, दूध, अंडं नसतं, पण माकुल आणि ऑक्टोपस चालतो, तेव्हा तेवढं विचारून घ्या. नाफ्प्लिओला एक दिवस जास्त असेल तर एपिडॉरसचं प्राचीन नाट्यगृह करा. निदान शेजारचं तिरिन्स, म्हणजे मायसीनीच्याच काळातला दुसरा किल्ला, करा. तिथल्या तटातल्या बोळाच्या भिंती शतकानुशतकं मेंढ्यांनी अंग घासून चकचकीत केल्या आहेत.

अथेन्सचं राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय मायसीनीनंतर पाहा, आधी नाही. खड्डा पाहिलेला असला की सोनं कळतं. मंगळवारी ते दुपारी उघडतं, वेळ तपासून जा. मुखवट्यासमोर गर्दी होती, लोक फोटो काढत होते. बाजूच्या पेटीत तान्ह्या मुलाला गुंडाळलेला सोन्याचा पत्रा आहे, चेहऱ्याला, पोटाला, इवल्या हातापायांना बेतून कापलेला. बाबा पेटीच्या काचेजवळ वाकले आणि आपली वीत हवेत धरून त्याची लांबी मोजू लागले.