लिंबची विहीर कॉम्प्युटरवर चढवताना

व्हॉट्सॲपवर आजकाल एआयनं बनवलेले किल्ले फिरतात ना, रायगडाला युरोपातल्या चर्चसारखे मनोरे आणि खाली 'असा होता आपला रायगड', ते बघून माझं डोकंच फिरतं. चित्र झकास असतं, त्याबद्दल काही म्हणणं नाही, पण त्यात पुराव्यातलं किती आणि मनाचं किती हे कळायला मार्गच नसतो आणि लोक बिनधास्त पुढं ढकलतात.

तर आम्ही तिघं सध्या साताऱ्याजवळच्या लिंब गावातल्या बारामोटेच्या विहिरीचं डिजिटल मॉडेल करतोय. मी सातारचा थ्रीडीवाला (पोटापाण्यासाठी बिल्डर लोकांचे फ्लॅट रेंडर करतो, झाडं हिरवीगार, पार्किंग कायम रिकामं), एक आर्किटेक्ट मैत्रीण आणि आमचे शाळेतले चित्रकलेचे सर, आता रिटायर झालेत. विहीर शाहू महाराजांच्या काळात विरूबाई भोसल्यांनी बांधून घेतली, १७१९ ते १७२४. नेटवर बऱ्याच जणांनी १६४१ ते १६४६ टाकलंय, ते शालिवाहन शकातलं साल आहे हो, ७८ मिळवायचे राहिलेत.

पद्धत फोटोग्रामेट्रीची. म्हणजे एकाच जागेचे ढीगभर फोटो काढायचे, शेजारशेजारच्या दोन फोटोंत साठ-सत्तर टक्के भाग तरी कॉमन पाहिजे, मग सॉफ्टवेअर त्यातले सारखे ठिपके जुळवून दगडाचा आकार काढतं. काळा दगड त्याला मानवतो, छिन्नीचे घाव, शेवाळ, दारावर कोरलेला शरभ (सिंहासारखा काल्पनिक प्राणी), सगळं मस्त येतं. पाणी मात्र अजिबात मानवत नाही, कारण आपण सरकलो की प्रतिबिंब पण सरकतं, ठिपके जुळत नाहीत आणि मॉडेलच्या तळाला फाटक्या गोधडीसारखी भोकं पडतात. त्यात ऊन असलं की वर आभाळ पांढरंफेक आणि विहिरीच्या आत बांधलेला महाल काळाकुट्ट. ढगाळ दिवस बेस्ट.

मैत्रिणीनं मग मॉडेलवर सूर्य फिरवून बघितला. सातारा साधारण १७.७ अंश अक्षांशावर, त्यामुळं मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि ऑगस्टच्या सुरुवातीला भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि विहीर अष्टकोनी, म्हणून उन्हाचा अख्खा अष्टकोन थेट पाण्यावर उतरतो. लय भारी दिसतं ते. ऑगस्टात आपल्याकडं ऊन दिसलं तर, म्हणा.

सरांनी सगळं शांतपणे बघितलं आणि म्हणाले, "दगड झाले रे, पण मोटा कुठायत?"

इथून वाद सुरू. मोट म्हणजे बैलांनी ओढून विहिरीतलं पाणी वर काढायची चामड्याची पिशवी. ती जिथं उलटायची ती थारोळी आहेत, पण मोट, नाडा (ओढायचा दोर), चाक, बैल यातलं काहीच उरलेलं नाही. मैत्रीण म्हणते, "सर, मोजता येत नाही ते दाखवायचं नाही." सर म्हणतात, "अगं, लहानपणी आमच्या मळ्यात मोट चालताना बघितलीय मी, आणि तू मला नाही दाखवायचं म्हणतीस?" दोघांचं पण खरंच आहे.

शेवटी ठरलं की मोजलेलं ते दगडाच्या रंगात आणि सरांना आठवणारं ते नुसत्या पेन्सिलच्या रेघेत, म्हणजे बघणाऱ्याला न सांगता फरक कळेल. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये ग्रीज पेन्सिल म्हणून सोय आहे, थ्रीडी जागेतच हातानं रेघ मारता येते, आणि सॉफ्टवेअर फुकट. सरांना पेन टॅबलेट दिला. सुरुवातीला रेघ थरथरायची कारण ते स्क्रीन सोडून हाताकडंच बघायचे, पण एकदा बसलं ते बसलंच. नाड्यावर बसलेला मोटकरी, धावेवरून (मोट ओढताना बैल चालतात तो उतार) खाली उतरणारी बैलजोडी, मोट वर आल्यावर थारोळ्यात उलटताना उडालेलं पाणी. चार-पाच रेघांत ते पाणी असं काही आलंय की माझ्या रेंडरला तरी जमलं नसतं.

आता मैत्रिणीनं टेप लावून काढलंय की धावेच्या मानानं बैल फार मोठे झालेत. सर ऐकत नाहीत. "खिल्लार आहेत ती," म्हणतात. ती म्हणते खिल्लार असू देत, पण हत्तीएवढी नसतात.